विषमयुग्मी

रबाळ्याच्या लॅबमध्ये माझं काम साधं:
रक्त वाचायचं, वाचलेलं मराठीत उतरवायचं.
मराठी अहवालाचा आग्रह ट्रस्टचा,
शब्द परिभाषाकोशातले,
सही प्रभुदेसाई मॅडमची.

मंगळवारी दिघ्याहून तिघं आली.
प्रणिता, केतन आणि केतनची आई लीलाबाई.
तिने कागद घेतला, शब्दावर बोट ठेवलं
आणि पहिल्या दोन अक्षरांवरच थांबली.
वि. ष.
"पोरांचे रगतान विष हाय?"

केतन गप्प. एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.

विष नाही हो मावशी, विषम.
पुढचा म वाचा. शाळेत असतं ना, सम आणि विषम,
दोन चार सहा एका रांगेत, एक तीन पाच दुसऱ्या.
म्हटलं, आणि तेव्हाच कळलं की चुकलं:
युग्म म्हणजे दोन,
आणि दोन कधी विषम नसतात.

कागद उलटा करून दोन काड्या काढल्या.
ही बापाकडून आलेली, ही आईकडून.
उंची एक, पट्टे त्याच जागी,
अशा तेवीस जोड्या, एवढ्याशा पेशीत.
शेवटची पुरुषांत जरा उंचसखल, ते सोडा.
अकराव्या जोडीत, इथे, टोकाजवळ,
एका काडीवरचं अक्षर नीट, दुसरीवरचं खोडलेलं.
जागा तीच, अक्षर वेगळं. एवढाच शब्दाचा अर्थ.
एकेकट्याचं काही बिघडलेलं नाही.
पण दोघांचंही असंच आहे, म्हणून मूल होताना
चारात एकदा...
हे वाक्य मी रोज म्हणते.
रोज इथेच घसा खाकरते.

लीलाबाई काड्यांकडे बघत राहिली.
"म्हंजे जोरी हाय, पन सारकी नाय."
हो.
"मंग बैलांची कंची जोरी सारकी आसते?"

घरी येऊन शोधलं.
ग्रीक लोक जुवाला झुगॉन म्हणत.
विज्ञानाने तो शब्द उचलला तेव्हा
त्याला शेताची माती लागलेली होती का, माहीत नाही.
आपलं युग, युग्म,
आणि घासून घासून उरलेलं जू,
ही त्याचीच चुलत भावंडं.
कुण्या कोशकाराने टेबलाशी बसून जोडी जुळवली,
आणि जू फिरून जुवाकडे आलं.
वाटेत बैल तेवढे सुटले.

आमची गोठिवली. नावात गोठा,
गल्लीत स्कूटर वळवायला जागा नाही.
बाबांचं जू पोटमाळ्यावर, पाण्याच्या टाकीमागे,
शिवळांची भोकं रिकामी.
खाजण सिडकोकडे गेलं त्या वर्षी बैल विकले,
जू कुणी मागितलं नाही.

विचारलं, तर बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.
पवळ्या दांडगा होता, मोऱ्या मवाळ.
"आशे जोरीला येठन मधी नाय बांधाची.
पवल्याचे आंगाला सरकवाची.
वजन त्याचेवर. मोऱ्या नुसता चालं.
पन चालं. लोकांना वाटं, जोरी झ्याक."

आणि दोन्ही मोऱ्याच असते तर?

बातम्यांतली बाई बराच वेळ ओठ हलवत होती.
"मंग शेत रातं," म्हणाले,
आणि आवाज पुन्हा वाढवला.

शुक्रवारी प्रणिता एकटी आली,
दहावा आठवडा, पुढच्या तपासणीची तारीख घ्यायला.
जाताना दारात थांबली.
"माझी नीटवाली काडी कुणाची? आईची की पप्पांची?"
अहवालात ते नसतं, म्हणाले. दोघांचं रक्त लागेल.
तिने चप्पल पायात सरकवली, परत काढली.
"पप्पा नाहीत आता," म्हणाली. "राहू दे."

रात्री टॉर्च घेऊन माळ्यावर चढले.
जुवाच्या खालच्या अंगाला, मान टेकते तिथे,
दोन खळगे.
एक खोल, गुळगुळीत, बोट बुडेल इतका.
दुसऱ्यात अजून
सुताराच्या वाकसाची खूण.